धाग्यांचा डबा

माझा धाकटा भाऊ श्रीरंग शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांना सुतारकाम शिकवतो. शिकवत होता, असं खरं तर लिहायला पाहिजे. पण रोज साडेनऊला तो स्कूटर काढतो, हजेरीवर सही होते, महिन्याचा पगार येतो, म्हणून लोक शिकवतो म्हणतात आणि मीही खोडत नाही.

मी त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, धपाटे घालणं, सगळं माझ्याच वाट्याला आलं. वडील तोफगाड्यांच्या कारखान्यात लाकडी साचे करायचे, त्यांच्या कपड्यांना कायम भुशाचा वास. श्रीरंगला तो वास तेव्हाच लागला. लग्न त्यानं केलं नाही. माझे हे गेले तशी मी ट्रंक घेऊन जबलपूरला, रांझीत त्याच्या घरी आले, आणि आता माझी नातवंडं नागपूरहून येतात ती मामा-आजोबाकडेच येतात. तो मला अक्का म्हणतो. त्याचं ऐकून सगळी गल्ली अक्का म्हणते, ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही त्या बायकासुद्धा.

शाळेत लागायच्या आधी श्रीरंग रिछाईला एका फर्निचरच्या कारखान्यात होता. तेव्हाची गोष्ट. राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ह्याचं मनगट रिकामं.

"माझी राखी कुठं आहे?"

"कापली."

"कापली? इकडे जन्माष्टमीपर्यंत तरी ठेवतात रे राखी!"

"चिंतामणीच्या बहिणीनंही ठेवायलाच बांधली होती," तो म्हणाला.

चिंतामणी त्याचा कामावरचा जोडीदार. आदल्या वर्षी राखी बांधून तो ड्रिलच्या यंत्रावर उभा राहिला. धाग्याचं टोक यंत्रानं ओढून घेतलं, आणि धाग्यामागून हात. हात तुटला नाही, लोक म्हणाले देवानं वाचवलं. पण ती मूठ पुन्हा वळली नाही. ज्या माणसानं डोळे मिटून दाराची चौकट जुळवली असती, त्याला शर्टाचं बटण बायको लावून द्यायची. श्रीरंगनं हे मला एकदाच सांगितलं, तेही मी भांडले म्हणून. पुढच्या वर्षापासून मी सकाळी राखी बांधायची, पेढा भरवायची आणि संध्याकाळी स्वतःच कात्री आणून द्यायची. ओवाळणीत मात्र अर्ध्या दिवसाची सूट दिली नाही.

मग तो शाळेत लागला. शाळेचं नाव लिहीत नाही. एक मोठा हॉल, बारा बाकं, लाकूड कातायची एक खराद, एक ड्रिल, एक गोल करवत. मुलांना वाटायचं पहिल्याच दिवशी खुर्ची बनवायला मिळेल. श्रीरंग महिनाभर कशालाच हात लावू द्यायचा नाही. यंत्र चालू करायचा, मुलांना डोळे मिटायला लावायचा आणि बटण बंद करायचा. "जब पूरा रुक जाए, तब हाथ उठाना." पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात आधीच वर. बटण बंद झालं म्हणजे यंत्र थांबलं असं सगळ्यांनाच वाटतं, पण पातं आणखी कितीतरी वेळ फिरत असतं, नुसतं आवाज न करता. महिन्याभरात मुलांचे कान तयार व्हायचे. मग पटाशी. पटाशी दुसऱ्याला देताना मुठीकडून द्यायची, दोन्ही हात धारेच्या मागे ठेवायचे. यंत्रापाशी हातमोजे घालायचे नाहीत. हे ऐकून मीच त्याला वेड्यात काढलं होतं. मोजे तर हात वाचवायला असतात न? तो म्हणाला, "अक्का, मोजा अडकला की मोजा एकटा नाही जात."

आणि जुलैच्या शेवटी माझा दुधी. मागच्या अंगणात माझा वेल आहे. त्यातला हातभर लांब, चांगला दमदार दुधी तो दरवर्षी मागून न्यायचा. दुधीला पूजेचा लाल-पिवळा धागा बांधायचा, जसा मनगटावर बांधतात तसा, थोडं टोक सोडून. आणि चालू ड्रिलपाशी न्यायचा. टोक लागलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत दुधी गरकन फिरायचा आणि टेबलावर आपटून त्याच्या चिंध्या व्हायच्या. बिया भिंतीवर. मुलं आधी खो-खो हसायची. मग हळूहळू एकेकजण आपल्या मनगटाकडे पाहायचा. एक वर्ष वेल नीट आला नाही तर मी बाजारातून आणून दिला. भाजीवाली म्हणाली, अक्का, कोवळा घ्या. मी म्हटलं, खायचा नाही ग, शाळेत पाठवायचा आहे.

आमच्या जबलपुरात रिकाम्या मनगटाचा पोरगा शोधून सापडायचा नाही. सत्यनारायणाचा कलावा, मैहरच्या देवीचा धागा, आजीनं दृष्टीसाठी बांधलेला काळा दोरा. हे गाठ मारलेले असतात, अंगठीसारखे काढून ठेवता येत नाहीत. श्रीरंग त्या दिवशी विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली कात्री घेऊन उभा राहायचा. प्रत्येकाला विचारायचा, "काटूँ?" पोरगा हो म्हणाला की कापायचा, आणि धागा बिस्किटाच्या एका चौकोनी डब्यात ठेवायचा. डबा भरत आला की अमावास्येला ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेत सोडून यायचा. मी दोनदा सोबत गेले आहे. पाण्यात उभा राहून एकेक धागा वेगळा करून सोडायचा. मी म्हटलं, उलटा की डबा एकदम. तर म्हणाला, "प्रत्येकाच्या आईनं वेगळा बांधला आहे न." परत येताना मला बजावलं, "अक्का, हे कुठं सांगत बसू नको. लोकांना वाटेल मास्तर पुण्य कमवून राहिला."

अकरा वर्षं असं चाललं. अकरा वर्षांत त्या हॉलमध्ये पट्टी चिकटवण्यापलीकडे कोणाला काही झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी, मंगळवारी, शेजारच्या सरोजिनीकडे भजन होतं. भजन कमी, चहा आणि गप्पा जास्त. तिथं पुष्पा आली होती. ती दोन घरं सोडून राहते, तिचा विपुल त्याच वर्षी अकरावीत श्रीरंगच्या वर्गात आला होता. पुष्पा म्हणाली, "अक्का, तुम्हारे भैया ने विपुल का धागा काट दिया. मैहर से लाई थी, नंगे पैर चढ़ के. बोलता है सर ने डिब्बे में रखा है. डिब्बे का करते क्या हैं वो?"

ती रागावली नव्हती. थोडी हिरमुसली होती, बस. मला सरळ उत्तर देता आलं असतं. पण श्रीरंगनं सांगू नको म्हटलेलं, आणि माझ्या जिभेला सरळ उत्तराची सवयच नाही. दहा बायका माझ्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या, की अक्का आता काही तरी बोलेल. अक्का बोलली.

"करेगा क्या? भूसे की सिगड़ी में डालता है और उसी पे सरस पकाता है!"

बायका हसून हसून लोळल्या. सरोजिनीच्या हातातला चहा सांडला. पुष्पाही हसली, मला आठवतं. मी पेढा खाल्ला, घरी आले, खिचडी टाकली.

सरस म्हणजे लाकूड चिकटवायची जुनी खळ. श्रीरंग अजून मुलांना ती शिजवून दाखवायचा. ती कशाची बनते ते मला ठाऊक नव्हतं. पुष्पाच्या नवऱ्याला ठाऊक होतं. ती जनावराच्या, गाईच्याही, कातड्या-हाडांची बनते. म्हणजे मी गमतीत काय बोलून गेले, तर मास्तर देवीचे धागे जाळतो आणि त्यावर ते शिजवतो. घरी जाऊन पुष्पानं गंमत म्हणूनच सांगितली असेल. नवऱ्याला ती गंमत वाटली नाही. सकाळी दहाला तो शाळेत होता, आणखी दोघांना घेऊन.

श्रीरंग संध्याकाळी आला, जोडे काढले, म्हणाला, "अक्का, एक विचित्र तक्रार आली आहे. मी धागे जाळतो म्हणून. कोणी उठवलं असेल ग?"

माझ्या हातात कणीक होती. मी ती मळतच राहिले. शेवटी सांगितलं.  मला वाटलं आता ओरडेल. तो म्हणाला, "सरस बकऱ्याच्या कातड्याचाही असतो," आणि हात धुवायला गेला.

शनिवारी प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावलं. श्रीरंगनं मला येऊ नको म्हटलं. मी ऑटो करून गेले. प्राचार्य रामकृष्ण जी वाईट माणूस नाही. बोलण्यात मऊ, सगळ्यांना चहा विचारणारा, कोणाचंच मन न मोडणारा. अशा माणसाकडून काम होत नाही, पण भांडणही होत नाही. त्यांच्या खोलीत पुष्पा, तिचा नवरा, ते दोघं, आणि कोपऱ्यात विपुल. श्रीरंग उभाच होता, टेबलावर त्याचा डबा.

"माताजी, आप बैठिए. चाय?"

"चाय बाद में. पहले मेरी बात सुनो," मी म्हटलं. "ये कुछ जलाता-वलाता नहीं. वो मैंने कहा था, मज़ाक में. मेरी जीभ खराब है, पूरा मोहल्ला जानता है. ये हर अमावस को ग्वारीघाट जाके नर्मदा जी में छोड़ता है. मैं खुद दो बार गई हूँ. ऑटो का भाड़ा भी मैंने दिया."

पुष्पानं तोंडावर पदर घेतला. "हाय राम अक्का, मैं तो सच मान गई थी!" आणि उठून माझ्या पाया पडली. मीही तिला उठवलं, पाठीवर हात फिरवला. मला वाटलं, झालं. माझ्याच जिभेनं गाठ मारली, तिनंच सोडवली.

पुष्पाचा नवरा म्हणाला, "जलाते नहीं, चलो माना. काटते तो हैं?"

"काटता हूँ," श्रीरंग म्हणाला. "पूछ के."

"विपुल, सर ने पूछा था? तूने हाँ बोला था?"

विपुलनं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "याद नहीं, पापा."

त्याला आठवत होतं. मला त्याच्या कानांवरून कळलं, लाल झाले होते. श्रीरंगलाही कळलं. तो म्हणाला, "उसको छोड़िए, बच्चा है. मैं बताता हूँ." आणि त्यानं दुधीपासून चिंतामणीपर्यंत सगळं सांगितलं. हात पुढं करून, मूठ कशी अर्धी वळायची ते दाखवून. त्या दोघांतला एकजण तर हळहळला. पण पुष्पाचा नवरा मागे हटेना. त्याचंही एक होतं. दोन माणसं सोबत घेऊन आला होता, रिकाम्या हातानं कसा जाणार?

"हमारा धागा भी रहेगा और बच्चा मशीन भी सीखेगा."

"दोनों नहीं हो सकता, भाईसाहब."

"तो मेरा बेटा कोने में बैठेगा? सबके बीच में?"

"हाथ के औज़ार सीखे तब तक. रंदा सीखे."

"क्यों? फीस कम दी है क्या हमने?"

रामकृष्ण जींनी दोन्ही हात वर केले. "देखिए, धागा कटा तो भी मैं पकड़ा जाऊँगा, हाथ कटा तो भी मैं. ऐसा करते हैं, वर्कशॉप ही बंद रखते हैं कुछ दिन. सबकी बात रह गई."

"और मैं पढ़ाऊँ क्या?" श्रीरंगनं विचारलं.

"सुरक्षा पढ़ाइए न, श्रीरंग जी! आप ही तो कहते हैं, सबसे पहले सुरक्षा. किताब में पूरा पाठ है."

वर्कशॉप बंद, धाग्यांचा विषय कोणी काढायचा नाही, असा कागद तयार झाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. श्रीरंगनंही केली. पुष्पाचा नवरा त्याच्याशी हात मिळवून गेला. मग चहा आला, बिस्किटं आली. मी ऑटोनं आले होते, जाताना त्याच्या स्कूटरवर मागे बसले. वाटेत तो मलाच समजावत होता. "महिनाभराची गोष्ट आहे, अक्का. राग निवला की उघडतील. सहामाहीच्या आधी उघडावंच लागेल, नाही तर परीक्षा कशी घेणार?"

परीक्षा घेता येते. हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

त्या पाठात सुरक्षेचे बावीस नियम आहेत. श्रीरंगनं ते मुलांना लिहून दिले, मुलांनी वहीत उतरवले, रेघा मारल्या, लाल शाईनं शीर्षक केलं. करवतीचं चित्र, रंध्याचं चित्र, ड्रिलचं चित्र, बाणानं भागांची नावं. बाहेरून परीक्षक आला, त्यानं मुलांना नियम विचारले. मुलांनी घडाघडा म्हटले. सातवा नियम, काम करताना ढिले कपडे, धागे, कडे घालू नयेत. ज्यानं म्हटला त्याच्या मनगटावर तीन धागे होते. परीक्षक खूश. त्याच्या सांगण्यावरून श्रीरंगनं गुण भरले, कोणाला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस, कोणाला पन्नास. श्रीरंग म्हणाला, "अकरा वर्षांत मी कोणाला चाळीसच्या वर दिले नव्हते."

पहिले काही महिने तो दर शनिवारी शिपायाकडून किल्ली मागून घ्यायचा, यंत्रांना तेल द्यायला, पात्यांचा गंज पुसायला. मग मुलांना वाटायच्या सरकारी सायकली आल्या, त्या ठेवायला जागा नव्हती. त्या हॉलमध्ये गेल्या. बाकांवर सायकली, खरादीवर सायकली. श्रीरंगला आत जायला वाटच राहिली नाही. सायकली वाटून झाल्या तशी मोडकी बाकं आली. वर्षाच्या शेवटी रामकृष्ण जींनी सभेत सांगितलं, आमच्या शाळेत या वर्षी एकही अपघात नाही. टाळ्या झाल्या. श्रीरंगला पुढं बोलावून फूल दिलं. ते फूल त्यानं मला आणून दिलं. मी देवाला वाहिलं नाही, सरोजिनीच्या बकरीला घातलं.

तो मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर मी चार शब्द परत बोलले असते, रडले असते, मोकळी झाले असते. लहानपणी मी त्याला इतकं मारलं, त्यातलं एक तरी परत करायचं. उलट पूर्वी तो घरात माझ्या मागे असायचा. "अक्का, विळी उघडी टाकून उठू नको. अक्का, ओल्या हातानं बटण दाबू नको. अक्का, स्टुलावर चढून राहिलीस काय?" मला कटकट व्हायची. आता ते बंद झालं. एकदा मी मुद्दाम विळी उघडी टाकून उठले, ह्यानं काही म्हणावं म्हणून. तो आला, पाहिलं, वळसा घालून पाणी प्यायला. परत जाताना वाकून विळी मिटली आणि गेला. मी दाराआड उभी होते.

ह्या मे महिन्यात विपुल घरी आला. बारावी पास. हातात मिठाईचा डबा, उंच झालेला, मिशी फुटलेली. माझ्या पाया पडला, श्रीरंगच्या पडला.

"सर, लकड़ी के काम में पचास में पचास."

"मालूम है, बेटा. मैंने ही दिए."

मग तो चुळबुळत राहिला. मी आत जायचं नाटक केलं, तेव्हा बोलला. "सर, सोमवार से रिछाई में लग रहा हूँ. फर्नीचर का कारखाना है. सर्टिफिकेट देख के रख लिया. उन्होंने पूछा मशीन आती है? मैंने बोला हाँ. दो साल सीखा है." मग हळूच म्हणाला, "सर, रंदा कैसे पकड़ते हैं, वो बता दीजिए."

श्रीरंगनं त्याच्याकडे पाहिलं. मग उठून माळ्यावरून वडिलांचा रंधा काढला. व्हरांड्यात जुना पाट होता, तो भिंतीला टेकवून, विटांनी अडकवून बसवला. आणि मी दोन वर्षांनी माझ्या भावाचा आवाज ऐकला, तो शाळेतला. "पैर ऐसे. कंधा नहीं, कमर से. धक्का मत दे, चलने दे." विपुल घामाघूम. पहिली सालपटं तुटकी निघाली, मग एक लांब निघालं, तर पोरगा हसला. मग यंत्रांचं. करवतीच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. लाकडाचं टोक बोटानं नाही, काठीनं ढकलायचं. मोजे घालायचे नाहीत. बटण बंद केलं की हात लावायच्या आधी ऐकायचं. त्यानं तोंडानं यंत्राचा आवाज काढून दाखवला, हळूहळू थांबणारा. पन्नाशी उलटलेला माणूस व्हरांड्यात उभा राहून भुंग्यासारखा आवाज करत होता. सहा महिन्यांचं काम तो तासाभरात कोंबत होता.

विपुलच्या उजव्या मनगटावर धाग्यांचा जुडगा होता. नवा, जाड, लाल. खाली लोंबणारं टोक रंध्याच्या मुठीला घासत होतं. मी वाट पाहत होते. आता सांगेल, आता सांगेल. श्रीरंगनं सगळं सांगितलं. ते सांगितलं नाही. त्याची नजर दोनदा तिथं गेली, मी पाहिली. शेवटी मीच तोंड उघडलं, "विपुल बेटा, वो..."

"अक्का, पाणी आण," श्रीरंग म्हणाला.

मी पाणी घेऊन आले तर पोरगा जोडे घालत होता.

तो गेल्यावर मी श्रीरंगला धरलं. "काहून नाही सांगितलंस? सगळं सांगितलंस, तेवढं काहून गाळलंस?"

तो पाटावरची सालपटं गोळा करत होता. "त्याला येते ते. सातवा नियम आहे. पन्नासपैकी पन्नास आहेत त्याला."

"श्रीरंग!"

"मी सही केली आहे, अक्का." एवढंच म्हणून तो सालपटं टाकायला मागे गेला.

रात्रभर मला चिंतामणीची मूठ दिसली, जी मी कधी पाहिलेली नाही. रविवारी सकाळी मी स्वतः पुष्पाकडे गेले. तिच्या घरी उत्सवच होता. पोराचे नवे कपडे पलंगावर, जाऊ आलेली, नणंद आलेली. मला पाहून पुष्पाला आनंद झाला. "आओ आओ अक्का, मुँह मीठा करो."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "पुष्पा, एक बात सुन. कल विपुल के हाथ का धागा निकाल के भेजना. मशीन पे धागा फँसता है तो हाथ भी जाता है. दुधी बाँध के दिखाते थे हमारे श्रीरंग, एक पल में चिंदी-चिंदी."

पुष्पा माझ्याकडे पाहत राहिली. मग तिच्या ओठांचे कोपरे हलले.

"लौकी?"

"हाँ, लौकी. मेरे ही बेल की."

ती हसायला लागली. "अक्का, तुम भी न! इस बार नहीं फँसूँगी मैं." आणि आत वळून हाक मारली, "अरे सुनो, अक्का आई हैं, देखो क्या बोल रही हैं. लौकी को धागा बाँध के मशीन में डालते थे!"

जाऊ आली, नणंद आली. दोघी माझ्यासमोर खुर्च्या ओढून बसल्या, आधीपासूनच हसरी तोंडं करून. मी पुन्हा सांगितलं. चिंतामणीचं सांगितलं, हात पुढं करून मूठ दाखवली, श्रीरंगनं दाखवली होती तशी. नणंद म्हणाली, "क्या एक्टिंग करती हैं!" मी म्हटलं, मी शपथ घेऊन सांगते, नर्मदा मैय्याची शपथ. त्यावर तर तिघी एकमेकींच्या अंगावर पडल्या. पुष्पानं डोळे पुसले, माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, "बैठो अक्का, और सुनाओ."

विपुल दारात उभा होता. तो हसत नव्हता. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं आईकडे पाहिलं, आणि बाही खाली ओढून आत गेला.